सीटखालच्या बॅगेतला जीव: कुत्रा-मांजर केबिनमधून नेण्याआधी

प्रश्न: आमचा पाच वर्षांचा पग आणि तीन वर्षांची मांजर यांना घेऊन आम्हाला सात तासांचा विमानप्रवास करायचा आहे. विमान कंपनी दोघांनाही केबिनमध्ये न्यायला तयार आहे. हे सुरक्षित आहे का? वाटेत शांत राहावेत म्हणून झोपेचं औषध द्यावं का? आणि दोघांचं एकमेकांशी छान जमतं, तर एकाच बॅगेत ठेवलं तर चालेल का?

उत्तर:

शेवटचा प्रश्न आधी निकाली काढते. एका बॅगेत नको. घरी एकमेकांना बिलगून झोपणारे प्राणीसुद्धा भेदरले की समोर जो असेल त्यालाच ओरबाडतात, चावतात. शिवाय दोन अंगांची ऊब एका बंद बॅगेत साठली तर ती पगला सोसणार नाही. झोपेचं औषध तर अजिबात नको. त्याची कारणं पुढे सविस्तर देते. राहिला पहिला प्रश्न. मांजर निरोगी असेल तर बहुतेक नेता येईल. पगच्या बाबतीत मात्र त्याचा श्वास तपासल्याशिवाय मी होकार देणार नाही, आणि तोवर तुम्ही तिकीटही काढू नये असं मला कळकळीने वाटतं.

प्रवासासाठी प्राण्यांची तपासणी करताना एक समजूत मला वारंवार ऐकायला मिळते: कार्गोत धोका, केबिनमध्ये निर्धास्त. ही समजूत अर्धीच खरी आहे. प्राणी नेतात तो विमानाच्या पोटातला कप्पा आणि प्रवाशांची केबिन या दोन्हींत हवेचा दाब सारखाच असतो. त्यामुळे केबिनमध्ये प्राण्याला प्राणवायू जास्त मिळतो असं नाही. कार्गोतले धोके वेगळे आहेत: सामान चढवताना-उतरवताना उन्हात किंवा थंडीत ताटकळणं, पिंजरा आदळणं, घाबरून दार कुरतडताना दात आणि नखं तुटणं, आणि काही बिघडलं तर जवळ कुणी नसणं. यातली शेवटची गोष्ट केबिनमध्ये टळते आणि ती फार मोठी आहे. पण तुम्ही खरोखर बघत असाल तरच ती टळते. प्राणी सीटखाली, तुमच्या पायांमागे, अंधारात असतो. वर तुमच्यासमोर जेवणाचा ट्रे असतो, कानात हेडफोन असतात. जवळ असूनही तो सहज नजरेआड जातो.

२०१८ साली अमेरिकेत घडलेल्या दोन घटना मी प्रत्येक पालकाला सांगते. दोन्ही फ्रेंच बुलडॉगच्या, दोन्ही केबिनमधल्या. मार्चमध्ये युनायटेड एअरलाइन्सच्या ह्यूस्टनहून न्यूयॉर्कला जाणाऱ्या विमानात दहा महिन्यांच्या पिल्लाची बॅग सीटखालून थोडी वाटेत येत होती, म्हणून ती डोक्यावरच्या सामानाच्या कप्प्यात ठेवायला लावली गेली. विमान उतरल्यावर कप्पा उघडला तेव्हा पिल्लू मेलेलं होतं. कंपनीने जबाबदारी स्वीकारली. त्याच वर्षी जुलैमध्ये फ्लोरिडाहून मॅसॅच्युसेट्सला निघालेल्या जेटब्लूच्या विमानात एका कुत्रीला धाप लागली. मालकिणीच्या ते लक्षात आलं. तिने बॅग उघडली, तेव्हा जीभ निळी पडत चाललेली दिसली. कर्मचाऱ्यांनी आधी बर्फ दिला, मग ऑक्सिजनची छोटी बाटली आणली. मास्क तोंडाशी धरल्यावर थोड्याच वेळात ती सावरली. जात तीच, केबिन तशीच. एका ठिकाणी कुणाला काही दिसणं शक्यच नव्हतं, दुसऱ्या ठिकाणी वेळेवर दिसलं.

म्हणून एक गोष्ट आधीच पक्की करा. प्राण्याची बॅग वरच्या कप्प्यात ठेवायची नाही, सांगणारा कुणीही असो. तिथे हवा खेळत नाही आणि आत काय चाललंय ते कळत नाही. नम्रपणे पण ठामपणे नकार द्या, मुख्य केबिन कर्मचाऱ्याला बोलवा, दुसरी सीट मागा. काहीच जमत नसेल तर दार बंद होण्याआधी उतरा. तिकिटाचे पैसे जातील, एवढंच होईल.

आता पगकडे वळते, कारण खरी काळजी त्याचीच आहे.

विमान दहा-बारा किलोमीटर उंचीवर उडत असताना केबिनमधला दाब साधारण ६,००० ते ८,००० फुटांच्या डोंगरावर असतो तेवढा ठेवलेला असतो. नेहमीच्या उड्डाणात ८,००० फूट ही कमाल मर्यादा. बोइंग ७८७ आणि एअरबस ए३५० यांसारख्या नव्या विमानांत ती ६,००० च्या आसपास राहते. ८,००० फुटांवर श्वासातून मिळणाऱ्या प्राणवायूचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे तीन-चतुर्थांश भरतो. निरोगी कुत्रा थोडा जोरात श्वास घेऊन ही तूट भरून काढतो आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. त्यात हवा कमालीची कोरडी असते. आर्द्रता बऱ्याचदा २० टक्क्यांच्याही खाली जाते.

कुत्र्याला घाम येतो तो जवळपास पंजांच्या गाद्यांपुरताच. अंगातली उष्णता बाहेर टाकण्याचा त्याचा मुख्य मार्ग म्हणजे धापणं. जीभ, नाक आणि घशाच्या ओल्या अस्तरावरून तो वेगाने हवा फिरवतो आणि त्या बाष्पीभवनाने रक्त थंड होतं. यासाठी हवेची वाट मोकळी हवी. पगची नेमकी तीच अडलेली असते. माणसाने निवडीने त्याची कवटी आखूड केली, पण आतला मांसल भाग त्या प्रमाणात कमी झाला नाही. नाकपुड्या चिरेसारख्या अरुंद, टाळूचा मऊ भाग लांबून घशात लोंबणारा. असा कुत्रा घाबरून धापू लागला की घशाचं अस्तर सुजतं, सुजलं की वाट आणखी अरुंद होते, आणि मग तो आणखी जोर लावतो. शरीर थंड करण्यासाठी केलेली धडपडच त्याला तापवत जाते. जमिनीवर असताना आपण त्याला उचलून पंख्याखाली नेतो. सीटखालच्या बॅगेत हे चक्र एकदा सुरू झालं तर थांबवायला हाताशी फारच थोडी साधनं असतात.

हा धोका नोंदींमध्येही दिसला आहे. अमेरिकेच्या वाहतूक खात्याने २०१० मध्ये जाहीर केलेल्या माहितीनुसार त्याआधीच्या पाच वर्षांत विमानप्रवासात १२२ कुत्रे दगावले, आणि त्यातले जवळपास निम्मे आखूड तोंडाच्या जातींचे होते. त्यातले बहुसंख्य कार्गोतून गेले होते हे खरं, पण केबिनमध्ये नेल्याने घशाची रचना बदलत नाही.

मग काय करायचं? त्याचा श्वास तपासून घ्यायचा. केंब्रिज विद्यापीठात पग, बुलडॉग आणि फ्रेंच बुलडॉग यांच्यासाठी श्वसनाची एक साधी तपासणी विकसित झाली आहे. डॉक्टर आधी कुत्रा शांत असताना घशावर स्टेथोस्कोप ठेवून ऐकतात, मग त्याला तीन मिनिटं दुडक्या चालीने पळवतात आणि पुन्हा ऐकतात. आवाज, श्वासाला लागणारा जोर आणि सावरायला लागणारा वेळ यांवरून शून्य ते तीन अशी श्रेणी देतात. घरी बसल्याबसल्या "आमचा तर नेहमीच घोरतो, त्याची ती सवयच आहे" म्हणणाऱ्या कितीतरी जणांचे चेहरे ही तपासणी बघताना बदलतात. घोरणं ही पगची सवय नव्हे, श्वासाची वाट अडल्याची ती खूण आहे.

श्रेणी शून्य किंवा एक आली, वजन आटोक्यात असेल, हवामान थंड असेल आणि उड्डाण थेट असेल तर मी विचार करेन. दोन किंवा तीन आली तर नाही म्हणेन, केबिनमध्येही नाही. अशा कुत्र्याच्या नाकपुड्या रुंद करण्याची आणि टाळूचा जास्तीचा भाग कमी करण्याची शस्त्रक्रिया होते आणि तिने अनेकांचा श्वास बराच सुधारतो. पण ती त्याच्या रोजच्या जगण्यासाठी करावी, आणि पूर्ण बरा झाल्यावर पुन्हा तपासूनच प्रवासाचा विचार करावा. वजनाचंही तसंच. लठ्ठ पगचं वजन उतरलं की त्याचा श्वास मोकळा होतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. प्रवास काही महिन्यांनी असेल तर आजपासून त्याचं खाणं मोजून द्यायला लागा. बहुतेक कंपन्यांची बॅगेसह वजनाची मर्यादा ८ किलोच्या आसपास असते. गुटगुटीत पग त्यात मुळातच बसत नाही, आणि या बाबतीत कंपनीचा नियम तुमच्या कुत्र्याच्या भल्याचाच आहे. काही कंपन्या आखूड तोंडाच्या जाती घेतच नाहीत. नकार मिळाला तर त्यांच्याशी वाद घालू नका आणि अर्जावर जात बदलून लिहिण्याचा मोह तर मुळीच नको.

मांजरीचं हृदय तपासून घ्या. मांजरांमध्ये हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आजार बराच आढळतो आणि तो वर्षानुवर्षं एकही लक्षण न दाखवता राहू शकतो. मोठ्या ताणात तो एकदम उघडा पडतो. डॉक्टरांना हृदयात मर्मर (ठोक्यांच्या मध्ये येणारा जादा आवाज) ऐकू आली किंवा ठोके अनियमित वाटले तर उड्डाणाआधी इकोकार्डिओग्राम, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घेणं शहाणपणाचं. पगच्या हृदयाच्या झडपांचीही हीच गोष्ट. कमी प्राणवायूमुळे फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि तिथला रक्तदाब वाढतो. आधीच कमकुवत असलेल्या हृदयावर त्याचा भार पडतो. रक्तक्षय असलेला, नुकतीच पोटाची किंवा छातीची शस्त्रक्रिया झालेला, कानात संसर्ग असलेला प्राणीही थांबवावा. ८,००० फुटांवर शरीरात अडकलेली हवा सुमारे एक-तृतीयांशाने फुगते. पोट, छाती आणि मधला कान या तिन्ही जागी ते महागात पडू शकतं.

औषधाबद्दल आता. "गुंगीत राहील, त्याला काही कळणार नाही" हा विचार प्रेमापोटीच येतो. पण गुंगी आलेला प्राणी शरीराचं तापमान नीट राखू शकत नाही, बॅग हलली तर तोल सावरू शकत नाही, उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. अॅसेप्रोमाझीन हे पूर्वी प्रवासासाठी सर्रास दिलं जाणारं औषध रक्तदाब उतरवतं. वरून प्राणी शांत दिसतो, पण आतली भीती कमी होतेच असं नाही; हलता येत नाही आणि आवाज मात्र सगळे ऐकू येतात, अशी त्याची अवस्था होते. पगमध्ये आणखी एक भर: गुंगीने घशाचे स्नायू सैलावतात आणि उरलीसुरली वाटही मिटते. विमान कंपन्यांची आंतरराष्ट्रीय संघटना आयाटा आणि अमेरिकी पशुवैद्यकीय संघटना या दोघींचाही प्रवासात गुंगीची औषधं देण्याला सर्वसाधारणपणे विरोध आहे तो याच कारणांमुळे.

भीती कमी करणारी औषधं ही वेगळी गोष्ट. मांजरांसाठी गॅबापेंटिन बऱ्यापैकी वापरलं जातं, निघण्याआधी दोनेक तास; युरोपात २०२१ मध्ये प्रवासाच्या भीतीसाठी प्रीगाबालिनचं तोंडाने द्यायचं द्रावणही मंजूर झालं. कुत्र्यांसाठी ट्रॅझोडोनचा विचार होतो. यांतलं काही द्यायचं का, किती द्यायचं, हे तुमचे डॉक्टर मूत्रपिंड, यकृत आणि हृदय पाहून ठरवतील. माझा आग्रह दोन गोष्टींचा आहे. पहिला डोस विमानतळावर द्यायचा नाही. तो आठवडा-दोन आठवडे आधी, सुट्टीच्या दिवशी, घरी देऊन सात-आठ तास प्राण्यावर लक्ष ठेवायचं. कुणी छान पेंगतं, कुणी झोकांड्या खातं, आणि एखादं उलट चिडचिडं होतं. दुसरं, माणसांच्या औषधांच्या कपाटाला हात लावायचा नाही. माणसांसाठीच्या गॅबापेंटिनच्या पातळ औषधात गोडीसाठी घातलेलं झायलिटॉल असू शकतं आणि ते कुत्र्यांसाठी विष आहे. प्रवासात उलट्या होत असतील तर मॅरोपिटंटसारखं औषध आहे, त्याने गुंगी येत नाही. पण तेही डॉक्टरांना विचारूनच.

खरं सांगायचं तर बॅगेची सवय कुठल्याही गोळीपेक्षा जास्त काम करते, आणि लोक नेमकी तीच शेवटच्या आठवड्यावर ढकलतात. किमान दीड-दोन महिने हाताशी ठेवा. बॅग आधी दार उघडं ठेवून घरातच एका कोपऱ्यात पडू द्या. तिच्यात त्यांची जुनी चादर टाका, जेवणाचं ताट आधी बॅगेजवळ, मग दारात, मग आत सरकवा. आपणहून आत जाऊन झोपू लागले की चेन लावायला सुरुवात करा: आधी क्षणभर, मग काही मिनिटं, मग तासभर. मग बॅग उचलून घरात फिरवा, मग गाडीत. शेवटी खुर्चीखाली बॅग ठेवून तुम्ही वर बसून पुस्तक वाचा. विमानात असंच होणार आहे. मांजरीला बॅग म्हणजे डॉक्टरकडे जाणं एवढंच माहीत असेल तर सुरुवात नव्या बॅगेपासून करणं सोपं पडतं. बॅगेत बसून दोन तास काढल्यावर जो प्राणी अजूनही लाळ गाळतो, नखांनी जाळी फाडतो, तो सात तासांसाठी तयार नाही. तसं असेल तर तारीख पुढे ढकला.

बॅग मऊ बाजूंची, किमान तीन बाजूंना जाळी असलेली, तळ न झोळणारी हवी. आत उभं राहता यावं, वळता यावं, अंग पसरून पडता यावं. यातलं उभं राहणं बऱ्याच पगना सीटखालच्या उंचीत जमत नाही, हेही आधीच मोजून पाहा. चेनचे दोन्ही टोकांचे ओढे एकमेकांत अडकवता येतात का ते बघा; मांजर नाकाने ढकलून चेन उघडते. तळाशी ओल शोषणारा पॅड, आणि सोबत आणखी दोन-तीन.

सीट निवडताना कंपनीला फोन करून त्या विशिष्ट विमानात सीटखालची मोकळी जागा किती ते विचारा. काही सीटखाली स्क्रीनच्या यंत्राची पेटी असते आणि निम्मी जागा ती खाते. पहिल्या रांगेत आणि आपत्कालीन दारापाशी प्राणी नेता येत नाही. केबिनमधली हवा छतापासून येते आणि बाजूच्या भिंतीलगत जमिनीजवळून बाहेर ओढली जाते; त्यामुळे खिडकीच्या सीटखाली हवेचा ओघ असतो, पण विमानाची भिंत वळल्यामुळे जागा जरा कमी पडते. वाटेकडच्या सीटखाली येणाऱ्याजाणाऱ्यांचे पाय आणि ट्रॉली. तुमच्या दोन्ही प्राण्यांसाठी दोन माणसं आणि दोन शेजारच्या सीटा असतील असं मी धरून चालते. बहुतेक कंपन्या एका प्रवाशामागे एकच प्राणी घेऊ देतात. शेजाऱ्याला मांजराची अॅलर्जी आहे का ते चढतानाच विचारा आणि असेल तर कर्मचाऱ्यांना सांगून जागा बदलून घ्या. केबिनची हवा दर दोन-तीन मिनिटांनी बदलते आणि फिल्टरमधून जाते, तरी सीटवर बसलेला कोंडा त्याने जात नाही. त्या माणसाचा श्वासही तुमच्या प्राण्याच्या श्वासाएवढाच मोलाचा आहे.

कागदपत्रांचं थोडक्यात. मायक्रोचिप, रेबीजची लस आणि आरोग्य दाखला या तीन गोष्टी जवळपास सगळीकडे लागतात; बाकी नियम देशागणिक बदलतात. ब्रिटनमध्ये बाहेरून विमानाने येताना साहाय्यक कुत्र्यांखेरीज इतर कुत्र्या-मांजरांना प्रवाशासोबत केबिनमधून येता येत नाही. अमेरिकेत १ ऑगस्ट २०२४ पासून बाहेरून येणारा कुत्रा किमान सहा महिन्यांचा असावा लागतो. तुम्ही जिथून निघता, जिथे विमान बदलता आणि जिथे उतरता, त्या प्रत्येक ठिकाणच्या सरकारी खात्याचा नियम स्वतः वाचा. कंपनीने घेतलं म्हणजे देशाने घेतलं असं नसतं.

निघायच्या दिवशी शेवटचं जेवण चार ते सहा तास आधी, नेहमीपेक्षा कमी. पाणी बंद करायचं नाही. ते थोडं थोडं शेवटपर्यंत चालू ठेवायचं. (अगदी लहान पिल्लं आणि इवल्या जातींना इतका वेळ उपाशी ठेवलं तर रक्तातली साखर उतरते, त्यांचं वेळापत्रक वेगळं. सशांना तर उपाशी ठेवायचंच नसतं. त्यांचं आतडं थांबलं की जीव धोक्यात येतो.) पगला बॅगेत घालण्याआधी शांतपणे चालवून आणा, पण दमवू नका. "दमला की झोपेल" हा सल्ला आखूड तोंडाच्या कुत्र्यासाठी घातक आहे; धापत असलेला पग बॅगेत घालायचाच नाही.

सुरक्षा तपासणीत बॅग क्ष-किरण यंत्रातून जाते, प्राणी कधीच नाही. त्याला हातात घेऊन तुम्ही चौकटीतून चालत जाता. मांजर हातातून सुटते ती इथेच. आवाज, अनोळखी माणसं, गुळगुळीत फरशी. नख लावून ती खांद्यावरून उडी मारते आणि मग छतातल्या पन्हाळीत शिरलेली मांजर काढायला दिवस लागतात. तिला घट्ट बसणारा हार्नेस घरूनच घालून न्या आणि बंद खोलीत तपासणी करायची विनंती करा. बऱ्याच विमानतळांवर ती मान्य होते.

सगळ्यात धोक्याची वेळ कोणती असं विचाराल तर मी आकाशातली सांगणार नाही. विमान दारापाशी उभं आहे, माणसं चढताहेत, वातानुकूलन पुरतं चालत नाही, उन्हाने केबिन तापली आहे आणि प्राणी आधीच्या दोन तासांच्या गोंधळाने घाबरलेला आहे, ती वेळ. म्हणून पहाटेचं किंवा रात्रीचं विमान घ्या आणि सगळ्यात शेवटी चढा. कापडात गुंडाळलेला थंड पॅक बॅगेच्या एका बाजूला ठेवता येतो. तो चालतो का हे कंपनीला आधी विचारा. तापलेल्या विमानात उड्डाण तासभर लांबलं आणि पगचा श्वास वाढत चालला, तर कर्मचाऱ्यांना लगेच सांगा.

उडताना आणि उतरताना बॅग सीटखालीच हवी, चेन लावलेली. हा नियम प्राण्यावर राग म्हणून नाही. विमान खड्ड्यात पडल्यासारखं दणकलं तर मांडीवरचा प्राणी हवेत उडतो, त्याचं आणि दुसऱ्याचं डोकं फुटतं. उतरताना कानात दडे बसतात. जाळीतून बोटावर थोडं पाणी किंवा चाटण दिलं तर गिळण्याने आराम पडतो. इतर वेळी दर पंधरा-वीस मिनिटांनी वाकून बघा. फोनवर गजर लावा, कारण सिनेमा सुरू झाला की दोन तास कधी गेले ते कळत नाही.

काय बघायचं? शांत बसलेल्या कुत्र्याचा श्वास मिनिटाला साधारण १० ते ३०. जाळीतून पोटाची हालचाल मोजा. थोडं धापणं चालतं; पण घोगरा, ओढल्यासारखा आवाज, ताणलेली मान, कोपरं बाहेर काढून बसणं, दाट चिकट लाळ, आणि हिरड्या-जीभ जांभळट होणं, यातलं काहीही दिसलं तर थांबायचं नाही. मांजर तोंड उघडून श्वास घेत असेल तर ती दमली आहे असं समजू नका. मांजरात हे संकटाचंच लक्षण. आणि एक सूचना मुद्दाम करते: ओरडणाऱ्या प्राण्यापेक्षा अचानक गप्प झालेल्या प्राण्याकडे आधी बघा. ओरडायला श्वास लागतो. आधी भुंकणारा पग एकदम निपचित झाला म्हणजे "झोपला बाई एकदाचा" असं म्हणून शेजारी सुस्कारा सोडतील. तुम्ही मात्र वाकून हात आत घाला, हाक मारा, तो प्रतिसाद देतो का ते बघा.

लक्षण दिसलं तर कर्मचाऱ्याला बोलावण्याचं बटण दाबा, बॅग वर घ्या, चेन उघडा, वरचा हवेचा झोत त्याच्यावर वळवा. पंजे, पोट आणि जांघा गार पाण्याच्या फडक्याने ओल्या करा. तोंडात पाणी ओतू नका. ऑक्सिजन आहे का ते स्पष्ट शब्दांत विचारा. तो द्यायचा की नाही हा निर्णय कर्मचाऱ्यांचा असतो, पण न विचारता तो मिळत नाही. नियम मोडेल या संकोचाने बॅग बंद ठेवून बसू नका. त्या क्षणी आधी बॅग उघडा आणि त्याच श्वासात कर्मचाऱ्यांना सांगा.

एक कठीण गोष्टही सांगितली पाहिजे. केबिनचा दाब गेला तर वरून पडणारे मास्क माणसांसाठी असतात, प्राण्यांसाठी वेगळे नसतात. ३५,००० फुटांवर माणूस जेमतेम अर्धा ते एक मिनिट भानावर राहतो, म्हणून आधी स्वतःचा मास्क. वैमानिक विमान काही मिनिटांत १०,००० फुटांवर आणतात आणि तिथे सगळ्यांनाच श्वास घेता येतो. आणि विमान रिकामं करायची वेळ आली तर कुठलीही बॅग न्यायची नसते. २ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचं विमान धडकून पेटलं, तेव्हा आतले सगळे ३७९ जण बाहेर पडू शकले, कारण त्यांनी सामान मागे सोडलं. कार्गोतले दोन पाळीव प्राणी वाचले नाहीत. त्यानंतर प्राणी केबिनमध्येच असावेत अशी मागणी जपानमध्ये जोरात झाली. पण केबिनमध्ये प्राणी घेणारी तिथली स्टारफ्लायर कंपनीही आपत्कालीन प्रसंगी प्राणी मागे ठेवावा लागेल हे पालकांकडून आधी मान्य करून घेते. असा अपघात अत्यंत विरळा आहे. तरी प्रवास खरोखर गरजेचा आहे का, हे ठरवताना ही गोष्ट माहीत असावी. चार दिवसांच्या सुट्टीसाठी मी कुणाच्याच मांजरीला सात तास सीटखाली बसवणार नाही. घरी येऊन बघणारं ओळखीचं माणूस तिच्यासाठी केव्हाही बरं. कायमचं स्थलांतर असेल तर गोष्ट वेगळी.

पोचल्यावर दोघांना मोठ्या घरात एकदम मोकळं सोडू नका. एक शांत खोली, पाणी, मांजरीला तिच्या जुन्या वाळूची मूठभर मिसळ असलेला ट्रे. पगला चोवीस तास व्यायाम नको; घसा सुजलेला असेल तर आवाज आधीपेक्षा जाड येतो, तसा आला तर दाखवून घ्या. मांजर पहिले काही तास पलंगाखाली बसेल, बसू द्या. दिवसभरात लघवी झाली नाही, किंवा दीड दिवस उलटूनही तिने काही खाल्लं नाही, तर "नव्या जागेमुळे असेल" म्हणून आणखी थांबू नका. उपाशी मांजरीच्या यकृतात चरबी साठू लागते आणि लठ्ठ मांजरीत तर फार लवकर. निघण्याआधीच तिथल्या एका पशुवैद्याचा नंबर घेऊन ठेवा आणि तो रात्री फोन उचलतो का ते विचारा.